सिगारेटच्या पाकिटातल्या बायका

पाटीपेन्सिल
लोकहो, सिगारेटची रिकामी पाकिटं फाडून पत्ते खेळलेली मंडळी इथे बरीच असतील. हा धागा त्याच पाकिटाच्या आतल्या एका पुठ्ठ्याच्या तुकड्याबद्दल आहे. १८८० च्या आसपास अमेरिकेत सिगारेट कागदाच्या मऊ पुडीत यायची, खिशात चेपायची, म्हणून आत एक जाड पुठ्ठा सरकवून द्यायचे, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हा कोरा कशाला ठेवायचा, वर चित्र छापा, पोरं गोळा करतील आणि पुढची पुडीही आपलीच घेतील. झेंडे आले, पक्षी आले, राजेरजवाडे आले, पण ढिगाने आल्या त्या बायका. मुख्यतः नट्या.

मी नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमजवळ राहते. हे गावच तंबाखूवर उभं राहिलंय, ड्यूक नावाच्या घराण्याच्या. त्यांच्या जुन्या शेतावर आता सरकारी म्युझियम आहे आणि ड्यूक विद्यापीठाच्या लायब्ररीने ही कार्डं स्कॅन करून नेटवर फुकट ठेवलीत. ती बघायला बसले की रात्र कशी जाते कळत नाही.

यात दोन जाती आहेत. एक रंगीत छापलेली, रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीची, १८८८ ची 'वर्ल्ड्स ब्यूटीज' मालिका घ्या, ५० कार्डं, पावणेतीन इंच बाय दीड इंच, मागच्या बाजूला सगळ्या पन्नासांची यादी, म्हणजे तुमच्याकडे कोण नाही ते तुम्हाला बरोब्बर कळणार आणि चैन पडणार नाही. दुसरी जात म्हणजे खरा फोटो, तपकिरी, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. हे जास्त स्वस्तातलं काम आणि जास्त चावट. खोटा खडक, मागे रंगवलेला पडदा, खडकावर एक पाय ठेवून उभी बाई, अंगाला घट्ट बसणारे टाइट्स, हात डोक्यामागे. आणि खाली ठळक अक्षरात सिगारेटचं नाव. बाईचं नाव कितीतरी कार्डांवर नाहीच, फार तर 'ॲक्ट्रेस'. लिलियन रसेल, सारा बर्नहार्ट असल्या मोठ्या बायांची नावं छापायचे, कारण ती नावं खपायची. बाकीच्या नुसत्याच उभ्या.

आता गंमत बघा. ही कार्डं पाडण्यात सगळ्यात पुढे होता जेम्स ड्यूक, त्याला बक म्हणायचे. त्याचा बाप वॉशिंग्टन ड्यूक कट्टर मेथडिस्ट पंथाचा ख्रिश्चन. १८९४ मध्ये या बापाने मुलाला पत्र लिहिलं की हे असले चित्रांचे जाहिरातप्रकार मला पहिल्यापासून चुकीचे वाटतात, तरुण मुलामुलींवर वाईट परिणाम होतो, बंद करा. एका पाद्र्याची तक्रार आली होती म्हणून. तोवर मुलाने १८८९ या एका वर्षात जाहिरातीवर ८ लाख डॉलर उडवून झाले होते आणि १८९० मध्ये पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनीही काढून झाली होती. आणि याच बापाने १८९६ मध्ये इथल्या ट्रिनिटी कॉलेजला १ लाख डॉलर दिले, अट एकच, मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश द्या. तेच कॉलेज पुढे ड्यूक विद्यापीठ झालं. म्हणजे पैसा कुठून आला आणि कुठे गेला ते बघून मला हसावं की काय ते कळेना, म्हणून धागा काढला. तुमची मतं येऊ द्या.

चहाटळ
पहिला! धागा आवडला. एक शंका, आमच्या आजोबांच्या काळात तरी विडी ओढणारा माणूस सिगारेटवाल्याला साहेब समजायचा. तिकडे तेव्हा कोण प्यायचं हे?

पाटीपेन्सिल
तिकडे उलटं होतं. मोठे बाप्ये तंबाखू चघळायचे, पाइप किंवा सिगार ओढायचे, सिगारेट म्हणजे पोराटोरांची आणि शहरी छानछोकी करणाऱ्यांची. १८८३ मध्ये सरकारी कर कमी झाला, ड्यूकने दर उतरवला आणि दहा सिगारेटी पाच सेंटला मिळायला लागल्या, म्हणजे पेपर टाकणाऱ्या पोरालाही परवडणाऱ्या. टाइट्सवाल्या बाईचं चित्र त्या पोरासाठी होतं.

तिरसट
झालं सुरू. आजच्या चष्म्यातून दीडशे वर्षांपूर्वीचं बघायचं आणि गळे काढायचे. नट्यांचे फोटो तेव्हाही दुकानात विकत मिळायचे, लोक घेऊन अल्बममध्ये लावायचे. नटीला फुकटात जाहिरात मिळाली, कंपनीचा माल गेला, पोराला चित्र मिळालं. कुणाचं काय बिघडलं? लिली लँगट्री या नटीने पेअर्स साबणाची जाहिरात स्वतः पैसे घेऊन केली होती, तिला कुणी धरून नेलं नव्हतं.

खिळेजुळवणारा
भांडण नंतर करा, मला छपाईबद्दल बोलू द्या, आमचा घरचा छापखाना होता.

ॲलन अँड गिंटरची रंगीत कार्डं म्हणजे शिळाछापाचा कळस आहे राव. न्यूयॉर्कच्या लिंडनर, एडी अँड क्लॉस यांनी छापलीत. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, त्यावर कारागिराने हाताने ठिपके काढायचे, गालाचा गुलाबी वेगळा, सावलीचा तपकिरी वेगळा, आणि कागद प्रत्येक दगडावरून तेवढ्याच वेळा काढायचा. एकदा जरी केसभर हलला तरी ओठ एकीकडे आणि लाली दुसरीकडे. स्कॅन मोठा करून गालावर बघा, नुसते ठिपके दिसतील. दीड इंचाच्या चेहऱ्यावर हे काम केलंय आणि तेही फुकट वाटायच्या वस्तूवर!

आपल्याकडे हेच तंत्र त्याच सुमाराचं आहे. पुण्यातली चित्रशाळा १८७८ ची. रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला मुंबईत घाटकोपरला निघाला, मग मळवलीला गेला, लोणावळ्याजवळ. तिथली लक्ष्मी-सरस्वती आणि इकडची वर्ल्ड्स ब्यूटी, दगडावरचं काम एकच. फक्त आपल्याकडच्या बाईला चार हात काढले म्हणून ती देव्हाऱ्यात गेली.

चहाटळ
शेवटच्या वाक्याला दंडवत _/\_

कायदेभान
तिरसट यांच्या "कुणाचं काय बिघडलं" ला उत्तर द्यायला आले. कोर्टात रोज हेच करते त्यामुळे लांबेल, सहन करा.

या कार्डांसाठी नट्यांचे फोटो काढणारा त्या काळचा सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे न्यूयॉर्कचा नेपोलियन सॅरोनी. याने ऑस्कर वाइल्डचा फोटो काढला, एका लिथो कंपनीने तो न विचारता छापून ८५ हजार प्रती काढल्या, सॅरोनी कोर्टात गेला आणि १८८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फोटो हीसुद्धा कलाकृती आहे, पोज त्याने ठरवली, पडदा उजेड त्याने ठरवला, सबब हक्क फोटोग्राफरचा. नीट बघा, हक्क फोटोग्राफरचा. ज्याचा चेहरा आहे त्याचं नाव यात कुठेच नाही. म्हणजे नटीचा फोटो सिगारेटच्या पुडीत गेला तर दाद मागू शकतो तो सॅरोनी.

आता १८९० चं प्रकरण. मॅरियन मनोला नावाची गायिका-नटी, ब्रॉडवेवर एका संगीतिकेत टाइट्स घालून काम करायची. तिच्या मॅनेजरला तसला फोटो हवा होता, ती नाही म्हणाली, स्टेजवर घालते ते भूमिकेसाठी, दुकानाच्या काचेत टांगायला नाही. तर यांनी चालू प्रयोगात बॉक्समधून फ्लॅश मारून फोटो काढला! ती कोर्टात गेली, विरुद्ध बाजू आलीच नाही, तिला मनाई हुकूम मिळाला. त्याच वर्षी वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांचा खासगीपणाच्या हक्कावरचा जगप्रसिद्ध लेख हार्वर्डच्या मासिकात आला, त्यात या नटीच्या केसचा उल्लेख आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या पुट्टस्वामी निकालाच्या वेळी, २०१७ मध्ये, आपल्या सुप्रीम कोर्टात ज्या लेखाची चर्चा झाली तोच हा. तेव्हा तिरसटराव, बिघडलं असं वाटणारी बाई तेव्हाच होती, आजचा चष्मा लागत नाही.

तिरसट
एक नटी. बाकीच्यांनी कुठे तक्रार केली?

कायदेभान
केली की. ॲबिगेल रॉबर्सन, रोचेस्टरची अल्पवयीन मुलगी, नटीबिटी कोणी नाही. एका पिठाच्या कंपनीने तिचा फोटो न विचारता पोस्टरवर छापला, २५ हजार प्रती, दुकानात आणि गुत्त्यात लावल्या. लोक ओळखून हसायला लागले, पोरगी आजारी पडली. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टाने ४ विरुद्ध ३ ने सांगितलं, असा काही हक्क कायद्यात नाही, जा घरी. लोक इतके भडकले की १९०३ मध्ये विधिमंडळाने कायदाच केला, धंद्यासाठी कुणाचं नाव किंवा चित्र वापरायचं तर लेखी परवानगी घ्या.

यातला सगळ्यात झकास भाग पुढे आहे. निकाल लिहिणारे न्यायाधीश आल्टन पार्कर १९०४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि वर्तमानपत्रवाले फोटोग्राफर माझ्या घरच्यांचा पिच्छा पुरवतात म्हणून कुरकुरले. तर रॉबर्सनबाईंनी त्यांना पेपरातून जाहीर पत्र लिहिलं, की साहेब, असा हक्क नाही हे मला तुम्हीच शिकवलंत.

चहाटळ
आई शप्पथ. पोरगी असावी तर अशी. पार्कर निवडून आले का?

कायदेभान
पडले. थिओडोर रूझवेल्टपुढे सपशेल.

जुनाबाजारी
काडेपेट्यांची छापं जमवतो, सिगारेट कार्डंही थोडी आहेत. वरच्या कायद्याला जोडून एक. जगातलं सगळ्यात गाजलेलं सिगारेट कार्ड होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं, १९०९ च्या मालिकेतलं, २०२२ मध्ये एक ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं. इतकं महाग का, तर फार थोडी कार्डं बाहेर पडली, कारण वॅग्नरने परवानगी दिली नाही. कंपनीने एका पत्रकाराला त्याच्याकडे पाठवलं होतं, परवानगी आणलीस तर १० डॉलर देऊ. तो नाही म्हणाला आणि छपाई थांबली. का नाही म्हणाला यावर भांडणं आहेत, काही म्हणतात पोरांना तंबाखूची गोडी लागू नये म्हणून, काही म्हणतात पैशासाठी. पण मुद्दा हा की त्याला *विचारलं*. आणि अमेरिकन टोबॅको कंपनीचं ऑफिस न्यूयॉर्कातच, म्हणजे १९०३ चा कायदा डोक्यावर होता. त्याच्या वीस वर्षं आधीच्या खडकावर पाय ठेवलेल्या बाया कवडीमोलाने मिळतात, कारण त्या भरपूर छापल्या गेल्या.

अवांतर: या सगळ्या कार्डांना नंबर लावून कॅटलॉग करणारा माणूस म्हणजे जेफरसन बर्डिक, सिराक्यूजचा साधा इलेक्ट्रिशियन, संधिवाताने हात वाकडे झालेले. तीन लाखांवर कागद त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले आणि स्वतः बसून अल्बममध्ये चिकटवले, १९६३ मध्ये वारला. कार्डाच्या नंबरात एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं, टी म्हणजे विसाव्या, हे त्याचंच.

पाटीपेन्सिल
कायदेभान आणि जुनाबाजारी, धन्स, मला हे धागेदोरे जोडलेले माहीत नव्हते.

दोन मालिकांबद्दल सांगायचं राहिलं. एक ॲलन अँड गिंटरच्या 'व्हर्जिनिया ब्राइट्स' सिगारेटीसोबतची, मुली बेसबॉल खेळतायत. काळे मोजे, टोपी, हातात बॅट, 'ब्लॅक स्टॉकिंग नाइन' नावाचा संघ म्हणे. संघ कसला, स्टुडिओत उभ्या केलेल्या मॉडेल. चीड याची येते की खऱ्या मुली तेव्हा खरंच बेसबॉल खेळत होत्या, वासार या मुलींच्या कॉलेजात १८६६ पासून, पायघोळ झगे घालून. त्यांना कार्डात जागा नाही. दुसरी गुडविन कंपनीची १८८७ ची 'ऑक्युपेशन्स फॉर विमेन'. बायकांसाठी धंदे! त्या वेळी बायका शिकून कामाला लागत होत्या त्याचीच थट्टा, प्रत्येक धंद्याच्या वेषात एकेक नटवलेली ललना.

या सगळ्यात मला सापडलेला एक अपवाद म्हणजे ॲनी ओकली. ॲलन अँड गिंटरच्या 'वर्ल्ड्स चॅम्पियन्स' मध्ये बेसबॉलवाले, मुष्टियोद्धे, पैलवान, वल्हवणारे असे पन्नास जण आहेत, त्यात नेमबाजांमध्ये बफेलो बिलच्या बरोबरीने हिचं कार्ड. नाव छापलेलं, गळ्यापर्यंत बंद कपडे. ती तिथे आहे ती नेम लागतो म्हणून.

मृगजळ
वाचतेय. या बायका स्वतः सिगारेट ओढू शकत होत्या का? की फक्त पाकिटातच?

पाटीपेन्सिल
पाकिटातच. १९०८ ला न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक जागी बायकांनी सिगारेट ओढू नये म्हणून ठराव पास झाला आणि लगेच केटी मल्केही नावाच्या बाईला धरून ५ डॉलर दंड केला. महापौरांनी तो ठराव थोड्याच दिवसांत रद्द केला ते सोडा. पण पंचवीस वर्षं पुडीतून बाई विकून झाल्यावर हे!

सोलापुरी_ठसका
सगळे चित्रातल्या बाईबद्दल बोलायलेत. सिगारेट वळत कोण होतं ते सांगा की.

पाटीपेन्सिल
बरोबर विचारलंत, हे मुख्य धाग्यातच यायला हवं होतं. ॲलन अँड गिंटरच्या रिचमंडच्या कारखान्यात सिगारेट हाताने वळायच्या त्या मुलीच, शेकड्यांनी, गोऱ्या, बऱ्याचशा अगदी कोवळ्या. त्यांची बोटं नाजूक म्हणून आणि पगार कमी म्हणून. पानाची शिर काढायचं घाणेरडं, खोकला लावणारं काम काळ्या बायकांकडे. हाताने वळणारा कामगार दिवसाला फार तर तीनेक हजार सिगारेटी करायचा. मग जेम्स बोनसॅक या पोरसवदा माणसाने यंत्र काढलं, दहा तासांत १ लाख २० हजार. ॲलन अँड गिंटरने ते बघून नाकारलं, लोकांना हाताची सिगारेट आवडते म्हणाले. ड्यूकने १८८४ मध्ये घेतलं. मग एवढ्या सिगारेटी खपवायच्या कशा हा प्रश्न आला, आणि उत्तर म्हणून कार्डांचा पाऊस.

म्हणजे यंत्रामुळे हाताच्या बाया गेल्या आणि त्याच यंत्राचा माल खपवायला चित्राच्या बाया आल्या. वळणाऱ्या मुलीचं एकही कार्ड मला अजून दिसलेलं नाही.

सोलापुरी_ठसका
दिसणार बी नाही. माझी आई आणि मावशी दोघी विडी वळायच्या. पान भिजवायचं, कात्रीने कापायचं, सुपात तंबाखू, दोरा गुंडाळून टोकं दुमडायची, सगळं दारात बसून. दिवसाला हजार विडी म्हणजे चांगला हात. कारखान्यात द्यायला गेलं की तिथला माणूस मूठभर बाजूला काढणार, ही छाट. छाटीचे पैसे नाहीत, आणि विडी पण परत नाही. आई घरी येऊन बोलायची नाही, नुसतं सूप आपटायची. कारखान्याचं नाव नाही घेत, आता बंदच पडलाय. बंडलावरच्या लेबलवर फोटो होता फेटा बांधलेल्या मालकाचा. आई म्हणायची, हा बाबा एक बी विडी वळला नाही आन् फोटो याचा.

सोलापूरला कुंभारीजवळ विडीवाल्या बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची, कामगारांनी लढून मिळवलेली, २००६ ला घरं मिळाली. विडीच्या धंद्यात बाईचं नाव कुठं लागलं असेल तर तिथं लागलंय.

खिळेजुळवणारा
_/\_ दादा, आईंना नमस्कार सांगा.

सोलापुरी_ठसका
सांगतो. ताई आहे मी.

खिळेजुळवणारा
हात जोडले ताई.

तिरसट
विडीचं पटलं. नट्यांबद्दल माझं मत तेच आहे, पण विचारायला हवं होतं एवढं मान्य.

चहाटळ
तिरसटरावांनी काहीतरी मान्य केलं, ॲडमिन, धागा वर चिकटवा.

मृगजळ
आपल्याकडे ही कार्डं आली होती का? मराठी नट्यांची?

जुनाबाजारी
मराठी नटीचं कार्ड त्या काळात कुठून येणार, आपल्या रंगभूमीवर तेव्हा शकुंतला म्हणून भाऊराव कोल्हटकर उभे राहायचे. हिंदुस्थानात कार्डं आली ती इंग्रजांकडून. ब्रिस्टलच्या विल्सने 'सिझर्स' सिगारेट इथे विकली, मुख्य गिऱ्हाईक गोरा सोल्जर. त्यात १९१२ च्या आसपासच्या 'इंडियन रेजिमेंट्स' आणि 'गव्हर्नर जनरल ऑफ इंडिया' या मालिका आहेत, शिवाय गोऱ्या सुंदऱ्यांच्या. पुण्याच्या कँटोन्मेंटातली घरं रिकामी व्हायची तेव्हा ही जुन्या बाजारात यायची, आता दलालच आधी उचलतात. विकत घेणाऱ्यांना एक सल्ला, फोटोवालं कार्ड असेल तर कडेने बघा, कागद आणि पुठ्ठा असे दोन थर वेगळे दिसले पाहिजेत. एकच थर असेल तर ती कालपरवाची रंगीत झेरॉक्स, पैसे देऊ नका.

पाटीपेन्सिल
मृगजळ, फुकट बघायची असतील तर मेट्रोपॉलिटनच्या साइटवर बर्डिक म्हणून शोधा. आणि कायदेभान, ते रॉबर्सनबाईंचं जाहीर पत्र पूर्ण कुठे वाचायला मिळेल का? असेल तर मराठीत करून इथेच टाकते, दोन दिवस द्या.

कायदेभान
शोधून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. जुन्या पेपरांच्या संग्रहात मिळायला हवं.